काप्रीची निळी गुहा: आईंना घेऊन जावं का, आणि समुद्राने नकार दिला तर काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नेपल्सला मुक्काम, त्यातला एक दिवस काप्री बेटासाठी. बरोबर आई-बाबा, पत्नी आणि सात वर्षांची मुलगी. आईंचे गुडघे दुखतात आणि पाण्याची धास्ती आहे. तिथली निळी गुहा, म्हणजे ग्रोत्ता अझुरा, बघावी की 'दोन तास रांग आणि पाच मिनिटं आत' या मित्राच्या सांगण्यावरून सोडून द्यावी?

मी टूर मॅनेजर आहे, उन्हाळ्याच्या हंगामात मराठी मंडळींचे गट घेऊन इटलीला जातो आणि काप्री आमच्या कार्यक्रमात बहुतेक वेळा असतं. तुमच्या मित्राने सांगितलं ते खोटं नाही. रांग लागते आणि आत साधारण पाचच मिनिटं मिळतात. पण तुमचा खरा प्रश्न पैसे वसूल होतील का हा नाही. खरे प्रश्न दोन आहेत. त्या दिवशी समुद्र आत जाऊ देईल का? आणि आईंना हलत्या छोट्या होडीत उतरणं, तळाशी बसणं आणि मागे आडवं होणं जमेल का? पहिल्याचं उत्तर आदल्या संध्याकाळपर्यंत कोणीच देऊ शकत नाही. दुसऱ्याचं तुम्ही आजच घरी बसून काढू शकता.

माझं मत विचाराल तर जरूर जा. फक्त अख्खा दिवस त्या एका गुहेवर टांगून ठेवू नका.

आधी गुहा कशी आहे ते नीट समजून घ्या, कारण बाकीचं सगळं त्यावरून ठरतं. काप्रीच्या वायव्य किनाऱ्यावर उभ्या चुनखडीच्या कड्याच्या पायथ्याशी तिचं तोंड आहे. रुंदी जेमतेम दोन मीटर आणि पाण्यावरची उंची साधारण एक मीटर. लांबून बघितलं तर कड्याला पडलेलं एक काळं भोक दिसतं, इथून होडी जाते यावर विश्वास बसत नाही. आत मात्र सुमारे 60 मीटर लांब आणि 25 मीटर रुंद अशी मोठी दालनासारखी जागा आहे.

आता मुख्य गोष्ट. आतला उजेड त्या छोट्या तोंडातून फारसा येत नाही. त्या तोंडाच्या खाली, पाण्यात बुडालेलं दुसरं, कितीतरी मोठं भगदाड आहे. बाहेरचं ऊन समुद्रात उतरतं, त्या बुडालेल्या भगदाडातून आत शिरतं, तळाच्या पांढुरक्या वाळूवर पडतं आणि खालून वर येतं. पाणी लाल रंगाचा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेतं, निळा मात्र लांबपर्यंत जाऊ देतं. म्हणून आत पोचणारा उजेड जवळजवळ निव्वळ निळाच असतो. वर छत काळोखात आणि पायाखालचं पाणी आतून दिवा लावल्यासारखं उजळलेलं. वल्हं पाण्यात बुडालं की त्याला चिकटलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे ते चांदीचं दिसतं. हात बुडवला तर हातही तसाच दिसतो. मुलीला हे आधी सांगू नका, तिला तिथेच बघू दे.

हे कळलं की वेळेचा प्रश्नही सुटतो. सूर्य वर असेल तेव्हा किरणं पाण्यात खोल उतरतात. तो कलला की बराचसा प्रकाश पाण्याच्या पृष्ठभागावरून परत फिरतो. म्हणून दुपारी बारा ते दोन ही वेळ उत्तम मानतात. ढगाळ दिवशी निळा रंग दिसतो, पण फिका. जूनमध्ये दिवस मोठा असल्याने अकराच्या सुमारासही चांगला उजेड मिळतो, त्यामुळे बाराच्या ठोक्यासाठी अडून बसू नका.

आता समुद्राबद्दल. आपल्याकडे उधाणाच्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. नेपल्सच्या आखातात तो फार तर 30-40 सेंटीमीटर असतो, आणि आपली माणसं म्हणतात की मग काळजी कसली! पण तोंडच एक मीटर उंच असेल तर त्यातले 30 सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. त्यात हवेचा दाब उतरलेला असेल तर पाणी आणखी थोडं वर चढतं, साधारण एक मिलिबारला एक सेंटीमीटर. आणि लाट कड्यावर आपटून परत फिरते तेव्हा येणाऱ्या लाटेशी तिची गाठ पडून पाणी दुप्पट उसळतं. म्हणून धक्क्यावर समुद्र शांत वाटत असतानाही गुहा बंद असू शकते. तिथले लोक उगाच अडवतात असं समजून वाद घालणारे प्रवासी मी पाहिले आहेत. एकदा त्या तोंडासमोर थांबून चार-पाच लाटा नुसत्या बघा. मधूनच एक अशी येते की भोक पूर्ण भरून जातं आणि आतून दबलेल्या हवेचा धप् असा आवाज येतो. त्यानंतर कोणी वाद घालत नाही.

तोंड वायव्येला असल्यामुळे उत्तर, वायव्य आणि पश्चिमेकडून येणारा वारा किंवा लाट वाईट. तिथे वायव्येच्या वाऱ्याला माएस्त्राले म्हणतात. तो एकदा जोरात वाहून गेला की वारा पडल्यावरही समुद्र निवळायला वेळ लागतो. दक्षिणेचा वारा असेल तर बेटाचा डोंगर आडोसा देतो. म्हणून आदल्या संध्याकाळी मोबाईलवर विंडीसारखं अ‍ॅप उघडा आणि नुसता वारा बघू नका, लाटांची उंची आणि दिशा बघा. लांबच्या वादळाची लाट वाऱ्याशिवायही येते. लाट पाव मीटरच्या आत दाखवत असेल तर मी निश्चिंत असतो. अर्धा मीटर आणि दिशा वायव्य असेल तर गटाला रात्रीच्या जेवणालाच सांगून ठेवतो की उद्या बहुतेक नाही. रात्री कळलेली निराशा सकाळपर्यंत ओसरते. धक्क्यावर कळलेली दिवसभर सोबत राहते. शेवटचा निर्णय मात्र त्या दिवशी गुहेपाशी असलेल्या लोकांचा असतो आणि तो दुपारी बदलूही शकतो.

आता आईंचं. गुहेपर्यंत जायचे दोन रस्ते आहेत. पहिला समुद्रातून: मरीना ग्रांदे बंदरावर मोटरबोट घ्यायची, ती गुहेबाहेर जाऊन थांबते, आणि आपली पाळी आली की मोटरबोटीतून थेट वल्ह्याच्या छोट्या होडीत उतरायचं. दुसरा जमिनीवरून: बसने किंवा टॅक्सीने वर अनाकाप्री गावात, तिथून गुहेची बस, आणि शेवटी कड्याच्या कडेने पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत. तिथून होडीत बसायचं.

दोन्हींचा त्रास वेगळा आहे. मोटरबोटीने गेलात तर पायऱ्या नाहीत, पण दोन हलत्या होड्यांच्या मध्ये पाय टाकावा लागतो. एक वर जात असते तेव्हा दुसरी खाली. नावाडी दंडाला धरतात, सराईत असतात, तरी गुडघा वाकवून एका पायावर क्षणभर भार द्यावाच लागतो. शिवाय पाळी येईपर्यंत बोट इंजिन बंद करून डुलत उभी असते. आमच्या गटात मळमळ होते ती नेमकी तिथे, प्रवासात नाही. जमिनीवरून गेलात तर बऱ्याच पायऱ्या उतरायच्या आणि परत चढायच्या, पण वाट बघताना पायाखाली दगड असतो.

धास्ती असलेल्या माणसाला मी नेहमी जमिनीवरून नेतो. कारण एकच: वरून सगळं दिसतं. होडी कशी जाते, माणसं कशी आडवी होतात, बाहेर येताना चेहरे कसे असतात, हे दहा मिनिटं बघितल्यावर आई स्वतः ठरवतील. आणि नको वाटलं तर परत फिरता येतं. मोटरबोटीत बसल्यावर 'मला नको' म्हणणाऱ्याला सगळे परत येईपर्यंत तिथेच डुलत राहावं लागतं. पण आईंना पायऱ्या चढणं हाच मुख्य त्रास असेल तर माझा सल्ला उलटा होईल. हे तुम्हालाच बघावं लागेल. घरी एक गोष्ट करून बघा. त्यांना जमिनीवर, कशाचाही आधार न घेता, पाय पुढे पसरून बसायला सांगा आणि मागे रेलायला सांगा. मग एका हाताच्या आधाराने उठायला सांगा. हे जमलं तर होडी जमेल. यात दोन माणसं लागत असतील तर नका नेऊ, कारण होडीत दुसऱ्या माणसाला उभं राहायला जागाच नसते.

होडीत काय होतं ते क्रमाने सांगतो, कारण आईंची भीती कदाचित अर्धी तरी 'पुढे काय' हे माहीत नसण्याची असेल. होडी लाकडी, लहान, साधारण चार माणसं आणि नावाडी. फळीवर बसायचं नाही, तळाशी बसायचं. तळ ओला असतो, म्हणून साडी टाळा, पंजाबी ड्रेस किंवा पँट बरी. एकाच्या पायांमध्ये दुसरा, अशी मागेपुढे मांडणी. मुलीला तुमच्या पुढ्यात घ्या. तोंडाजवळ आलं की नावाडी हाकारतो: खाली, खाली! सगळ्यांनी मागे आडवं व्हायचं, डोकं होडीच्या काठाखाली. हात काठावर ठेवायचे नाहीत, हे मुलीला दोनदा सांगा. कड्याला एक साखळी बसवलेली आहे. नावाडी ती पकडतो, एक लाट जाऊ देतो, दुसरी जाऊ देतो, आणि पाणी खाली बसलं की स्वतः मागे झोकून देत साखळी ओढतो. दगड नाकावरून सरकल्यासारखा जातो. दोन-तीन सेकंदांचं काम. मग एकदम काळोख, आणि तो म्हणतो, उठा, बघा. आत पाणी बाहेरच्यापेक्षा शांत असतं. बंद जागेची भीती असणाऱ्यांना त्रास होतो तो या दोन-तीन सेकंदांचा आणि बाहेर येतानाच्या तेवढ्याच सेकंदांचा. मधल्या वेळात दालन मोठं असल्याने घुसमट वाटत नाही.

मागच्या काही वर्षांत माझ्याबरोबर आलेल्या बऱ्याच आजी आत जाऊन आल्या आहेत. त्यातल्या एक मालवणकडच्या, आयुष्य खाडीकाठी गेलेलं. त्यांनी आत जाण्याआधी नावाड्याच्या हाताकडे बघितलं, तो लाटा मोजतोय हे त्यांना लगेच कळलं आणि मागे वळून सुनेला म्हणाल्या, 'हेका समजता, बस गप.' भीती घालवायला मी एवढं बोललो होतो, पण सुनेला ते वाक्य जास्त लागू पडलं. आईंनाही त्या हाताकडे बघायला सांगा.

आत मिळणाऱ्या वेळाचं गणित: काळा चष्मा होडीत बसण्याआधीच काढा. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे काळोखाला सरावायला वेळ लागतो आणि तुमच्याकडे तो फार नाही. पहिलं मिनिट मोबाईल खिशात ठेवा. फोटो काढताना फ्लॅश बंद, तो लावला तर निळं सगळं नाहीसं होतं. पाठ तोंडाकडे न करता, उजेडाचं पाणी आणि समोरच्या होडीची काळी आकृती अशी चौकट घ्या, तो फोटो बहुतेक चांगला येतो. नावाडी गातात, गाणं कड्यात घुमतं. बाहेर आल्यावर ते बक्षिसीची अपेक्षा ठेवतात, सुटे युरो जवळ ठेवा.

पैशांबद्दल एक गैरसमज सगळ्यांचाच होतो. मोटरबोटीचं तिकीट आणि गुहेचं तिकीट वेगवेगळं. गुहेचं, वल्ह्याच्या होडीसकट, माणशी 18 युरोंच्या आसपास असतं आणि ते गुहेच्या तोंडापाशी पाण्यावर तरंगणाऱ्या तिकीट खिडकीवर भरायचं. त्यामुळे बंदरावर तिकीट काढतानाच विचारा: गुहा आज चालू आहे का, आणि तिथे पोचल्यावर बंद झाली तर काय? 'बेटाची फेरी आणि गुहेपाशी थांबा' अशी तिकिटं असतात. त्यात गुहा बंद निघाली तरी फेरी झालेली असते, पैसे परत मिळतीलच असं नाही. फेरी तशीही सुंदर असते, पण आपण काय विकत घेतोय ते माहीत असलेलं बरं. बोट लागत असेल कोणाला तर उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्या. मळमळायला लागल्यावर घेतलेली उपयोगी पडत नाही.

मग दिवस कसा लावायचा? नेपल्सच्या मोलो बेव्हेरेल्लो धक्क्यावरून वेगवान बोट सुमारे 50 मिनिटांत काप्रीला पोचते. सकाळची लवकरची घ्या. हवामान दिवसभर शांत दाखवत असेल तर आधी अनाकाप्रीत फिरा आणि गुहेपाशी एकच्या सुमारास पोचा. सकाळच्या मोठ्या गटांची गर्दी तोपर्यंत बरीच ओसरते आणि उजेडही चांगला असतो. दुपारनंतर वारा वाढणार असेल तर उलट करा: उतरल्या उतरल्या थेट गुहा, मग रांग कितीही असो. रांगेचा त्रास सोसता येतो, बंद गुहेला उपाय नाही. दोन्ही बाबतीत परतीची शेवटची बोट धरू नका, तिच्या आधीची धरा. वारा वाढला तर वेगवान बोटी रद्द होतात आणि मग सगळे शेवटच्या मोठ्या फेरीबोटीवर तुटून पडतात.

एक इशारा. इंटरनेटवर कोणीतरी लिहिलेलं सापडेल की संध्याकाळी होड्या गेल्या की पोहत आत जाता येतं. तसं करू नका. पोहायला बंदी आहे, आणि ती बंदी योग्य आहे. तोंडातून पोहणाऱ्याला लाट वर उचलते तेव्हा डोक्याच्या वर दगडच असतो. साखळी पकडून क्षण साधणारा माणूस तेव्हा तिथे नसतो.

गुहा बंद निघाली तर त्या दिवसाचं काय करायचं, याचा विचार आधीच करून ठेवा. अनाकाप्रीतून मोंते सोलारोला चेअरलिफ्ट जाते. 589 मीटर, बेटाचं सगळ्यात उंच टोक, वरून नेपल्सचं आखात आणि व्हेसुव्हियस ज्वालामुखी दिसतो. खुर्च्या एकेकट्या माणसाच्या आणि चालत्या असतात, त्यामुळे आईंना चढता-उतरताना मदतनीस धरतील असं आधी सांगा. मुलीबद्दलही तिथेच विचारून घ्या. अनाकाप्रीतच कासा रोस्सा नावाची लाल इमारत आहे. 1964 मध्ये निळ्या गुहेच्या तळातून काढलेले रोमन पुतळे तिथे ठेवलेले आहेत. सम्राट तिबेरियस इसवी सन 27 ते 37 या काळात काप्रीवर राहायचा, त्या काळी ही गुहा रोमन लोकांच्या वापरात होती. पुढे ती विसरली गेली, स्थानिक कोळी तिथे भुतं असतात म्हणून फिरकत नसत. 1826 मध्ये आउगुस्ट कोपिश हा जर्मन चित्रकार-कवी आणि त्याचा मित्र एर्न्स्ट फ्रीस यांना आंजेलो फेर्रारो या कोळ्याने तिथे नेलं आणि मग जगभर तिचं नाव झालं. समुद्रजीवांनी कुरतडलेले ते संगमरवरी देव बघून बाबांना कदाचित गुहेपेक्षा जास्त समाधान मिळेल. माझ्या गटातल्या इतिहासाची आवड असलेल्या मंडळींचं तरी तसंच होतं.

आणि आईंना आडवं होणं जमणार नाही हे घरीच ठरलं तर? मग त्यांच्यासाठी दुसरी गुहा बघा. तुमच्या नेपल्सच्या मुक्कामात अमाल्फी किनाऱ्याचा एक दिवस असेलच. त्या रस्त्यावर कोंका देई मारिनी गावाजवळ ग्रोत्ता देल्लो स्मेराल्दो आहे, पाचूच्या रंगाची गुहा, 1932 मध्ये एका स्थानिक कोळ्याला सापडलेली. तिथेही उजेड पाण्याखालच्या वाटेनेच येतो, फक्त रंग हिरवट. वर छतातून लवणस्तंभ लोंबतात. तिथे डोकं खाली घालून तोंडातून आत शिरायचं नसतं. रस्त्यापासून लिफ्टने खाली उतरायचं आणि आतच होडीत बाकावर बसायचं. काप्रीइतका रंग चढत नाही हे खरं, पण आईंना ती गुहा धास्तीशिवाय बघता येईल, आणि माझ्या लेखी ते जास्त मोलाचं आहे. लिफ्ट त्या दिवशी चालू आहे का आणि समुद्रामुळे गुहा बंद तर नाही ना, हे सकाळी हॉटेलच्या माणसाला फोन करायला सांगून विचारून घ्या. लिफ्ट बंद असेल तर पायऱ्या उरतात आणि त्या आईंच्या गुडघ्यांसाठी नाहीत.